तबकडी सापडली, पण ती कुठली?

जुन्या वस्तूंच्या बाजारात तबकड्यांचे साधारण दोन ढीग असतात. एका ढिगात सत्तरच्या दशकातल्या हिंदी चित्रपटांच्या एलपी. रंगीत कव्हर शाबूत, वर प्लास्टिकची पिशवी, किंमत आधीच ठरलेली. दुसऱ्या ढिगात जाड, जड, कव्हर हरवलेल्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डी. त्यातली एखादी उचलून भाव विचारला तर विकणारा म्हणतो, ‘एकेक काय घेता, गठ्ठाच न्या.’ पहिल्या ढिगातली प्रत हातची गेली तरी आज ना उद्या दुसरी मिळते. दुसऱ्या ढिगातली एखादी हातातून निसटून फुटली, तर त्या गाण्याची उरलेली एकमेव प्रत संपली असंही होऊ शकतं. दुर्मीळ तबकड्यांच्या शोधाबद्दल बरंच लिहिलं जातं, पण बहुतेक वेळा पहिल्या ढिगाबद्दल. या आढाव्याचा रोख दुसऱ्या ढिगाकडे आहे आणि त्यातही घोड नदीच्या खोऱ्याकडे आणि त्यालगतच्या भागाकडे, म्हणजे इनामगाव, न्हावरा, शिरूर, दौंड या पट्ट्याकडे. मराठी मुलखातल्या या छंदाने काय कमावलं आणि काय निसटू दिलं, ते इथून जास्त स्पष्ट दिसतं.

काय छापलं गेलं

फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानसह अनेकांचे आवाज टिपले. या मुद्रणांच्या तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोवरहून. तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं, हे कळावं म्हणून गायक शेवटी आपलं नाव मोठ्याने सांगत. त्या काळच्या तबकड्यांवर एकाच बाजूला गाणं असे आणि मागच्या बाजूला लेखणीने लिहिणाऱ्या देवदूताचा ठसा असे. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि तबकडी इथेच छापली जाऊ लागली. पुढे कंपनीने दमदमला मोठा कारखाना उभारला.

मराठी आवाज या व्यवसायात लवकरच आले. मिरजेचे अब्दुल करीम खाँ यांनी १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीसाठी मुद्रणं दिली आणि नंतर थेट १९३० च्या दशकात ओडियनसाठी गायले. मधल्या तीस वर्षांत त्यांचं गाणं कसं बदललं, ते ऐकायला हे दोन गठ्ठे समोरासमोर ठेवावे लागतात. नाट्यसंगीत तर तबकडीवर जणू जन्मसिद्ध हक्कानेच आलं. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ, मास्टर कृष्णराव यांची पदं ज्यांनी कधी नाटक पाहिलं नव्हतं अशा घरांतही पोहोचली. १९२५ नंतर मायक्रोफोनने होणारं विद्युत मुद्रण आलं. कर्ण्यासमोर ओरडून गाण्याची गरज संपली आणि हलक्या आवाजाचं भावगीत शक्य झालं. १९३२ च्या सुमारास जी. एन. जोशी यांच्या ‘रानारानात गेली बाई शीळ’ या गाण्याने भावगीताची बाजारपेठ उघडली. तेच जोशी पुढे एचएमव्हीत मुद्रण अधिकारी झाले आणि कोणाचा आवाज तबकडीवर यावा, हे ठरवू लागले. त्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’ आला आणि बोलपटाची गाणी बाजारात शिरली.

एचएमव्ही, कोलंबिया, ओडियन आणि स्वस्तातलं ‘ट्विन’ ही झाली मोठी नावं. त्यांच्या शेजारी मुंबईत वडाळ्याला नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३५ पासून वीसेक वर्षं चालली. तिची ‘यंग इंडिया’ ही छाप संग्राहकांच्या विशेष जिव्हाळ्याची. नामवंत गायक मोठ्या कंपन्यांशी करारबद्ध असल्यामुळे यंग इंडियाने नवख्यांना आणि फारसं नाव नसलेल्यांना उभं केलं. त्यामुळे दुसरीकडे कुठेच न सापडणारे आवाज तिच्या तबकड्यांवर सापडतात.

१९४८ मध्ये अमेरिकेत प्लास्टिकची ३३⅓ फेऱ्यांची एलपी आली आणि पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी. आपल्याकडे लाखेची ७८ लगेच गेली नाही. जुने चावीचे फोनो खेडोपाडी चालूच होते, त्यामुळे सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत ती निघत राहिली. ऐंशीच्या दशकात कॅसेटने सगळ्यांचाच खेळ आवरता घेतला.

दुर्मीळ कशामुळे

सर्वसाधारण समज असा की जे जुनं ते दुर्मीळ. व्यवहारात हे फार थोड्या वेळा खरं ठरतं. बालगंधर्वांच्या लोकप्रिय पदांच्या तबकड्या वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा छापल्या गेल्या. त्या आजही सापडतात, फक्त बहुतेक झिजलेल्या असतात. फोनोच्या साउंडबॉक्सचं वजन आणि पोलादी सुई मिळून दर वेळी खाचेचा थोडा भाग खरवडून काढत. दर बाजूला सुई नवी घालावी, असं कंपनी सांगे आणि घरातले लोक तीच सुई दहा वेळा चालवत. आवडतं गाणं त्यामुळे करडं पडलं आणि न आवडलेलं काळंभोर राहिलं. बाजारात चकचकीत दिसणारी ७८ ची रेकॉर्ड म्हणजे पुष्कळदा कुणी न ऐकलेली रेकॉर्ड.

खरी दुर्मीळता तीन-चार कारणांनी येते. एक, पहिल्यांदाच कमी प्रती छापल्या गेल्या आणि खपल्या नाहीत. दोन, कंपनीच बुडाली आणि साचे भंगारात गेले. तीन, पदार्थच नाशवंत होता. १९०४-०५ च्या सुमारास भारतात मुद्रण करणाऱ्या निकोल कंपनीच्या तबकड्या पुठ्ठ्यावर सेल्युलॉइडचा थर देऊन केलेल्या होत्या. आपल्या पावसाळ्यात त्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको. आणि चार, ज्या घरांत त्या होत्या त्या घरांत जपून ठेवायला कपाटच नव्हतं. हे चौथं कारण संग्राहकांच्या लिखाणात सर्वांत कमी येतं. पण ग्रामीण तबकड्यांच्या बाबतीत तेच सर्वांत मोठं आहे.

याशिवाय ज्यांचा शोध घ्यायचाच नाही अशाही तबकड्या आहेत, कारण त्या निघाल्याच नाहीत. भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचा आवाज आपल्याकडे नाही. अल्लादिया खाँ १९४६ पर्यंत होते, मुद्रणाचं तंत्र चांगलं रुळलेलं होतं, तरी त्यांनी आपला आवाज तबकडीला दिला नाही. किराणा घराण्याचे मूळ पुरुष अब्दुल करीम खाँ आपण ऐकू शकतो. जयपूर घराण्याच्या मूळ पुरुषाकडे मात्र शिष्यांच्या गळ्यातूनच जावं लागतं. तबकडीवर काय आलं आणि काय आलं नाही, यावरून पुढच्या पिढ्यांची संगीताची समज ठरली, हे त्यातून ध्यानात यावं.

बाजार काय मोजतो

बाजारभाव मागणीवर चालतो, आणि तबकड्यांची आजची मागणी जगभरातून येते. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ती एलपी तेव्हा कुणी फारशी विचारात घेतली नाही. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत मिळाली आणि २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली. शिकागोत जन्मलेल्या ‘ॲसिड हाउस’ या नाचसंगीताशी तिचं विलक्षण साम्य आहे आणि ती त्याच्याही आधीची आहे, असं लोकांच्या लक्षात आलं. मूळ प्रतीचा भाव आकाशाला भिडला. संगीत तेच होतं, प्रतीही तेवढ्याच होत्या. बदलली ती माहिती.

दुसरं उदाहरण गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी संगीत निवडलं जात होतं. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी सुचवली. पण रेकॉर्ड बाजारातून केव्हाच गेलेली. निवड करणाऱ्यांपैकी ॲन ड्रुयन यांनी बरीच शोधाशोध केल्यावर न्यूयॉर्कमध्ये लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवरच्या एका भारतीय कुटुंबाच्या उपकरणांच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात तिच्या प्रती मिळाल्या. त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये यानं निघाली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. या गोष्टीतलं अंतराळ सगळ्यांच्या लक्षात राहतं. संग्राहकाने टेबलाखालचं खोकं लक्षात ठेवावं. केसरबाईंचं गाणं टिकलं, त्याला कारण एका दुकानदाराने न खपलेला माल फेकून दिला नव्हता.

शोध कुठे घ्यायचा

मुंबईत चोरबाजारची मटन स्ट्रीट आणि फोर्टातले पदपथ ही पिढ्यान्‌पिढ्यांची ठिकाणं. काळा घोड्याचं ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ मध्ये बंद पडलं, पण ते नव्या मालाचं दुकान होतं. जुना माल कायम रस्त्यावरच मिळाला. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तोही शाहीर अमर शेखांचं नाव मिरवणाऱ्या चौकालगत. शाहिरांच्या तबकड्या जिथे वजनावर जाऊ शकतात, तिथेच शाहिराच्या नावाची पाटी, हा योगायोग कुणी मुद्दाम जुळवून आणलेला नाही.

शहरातल्या बाजारात जे येतं ते मुख्यतः वाडे पाडताना, फ्लॅट विकताना निघालेलं असतं. त्यात नाट्यपदं, भावगीतं, रागदारी, हिंदी चित्रपट यांचा भरणा. गीतरामायणाचा एलपींचा संच तर इतक्या घरांत होता की आज त्याला दुर्मीळ म्हणणं धाडसाचंच. पण त्यावरून महाराष्ट्रात काय ऐकलं जात होतं याचा अंदाज बांधला, तर तो पेठांपुरता आणि दादर-गिरगावपुरता खरा ठरेल.

गावाकडे रेकॉर्ड घराची नव्हती, मांडवाची होती. लग्न, बारसं, जत्रा, हनुमान जयंतीचा उत्सव, निवडणुकीची सभा असं काहीही असलं की लाउडस्पीकरवाला कर्णे, ॲम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी घेऊन यायचा. झाडावर किंवा देवळाच्या शिखराच्या आधाराने कर्णा बांधला जायचा आणि गाणं दोन-तीन गावं ऐकायची. त्याच्या पेटीत काय असावं, हे गावाच्या आवडीवर ठरे. भक्तिगीतं, शाहीर साबळ्यांची लोकगीतं, प्रल्हाद शिंदे, सुलोचना चव्हाण आणि रोशन सातारकर यांच्या लावण्या, १४ एप्रिलला भीमगीतं, मुलगी सासरी निघताना पाठवणीची गाणी आणि वेळ भरून काढायला हिंदी. म्हणजे एका पट्ट्याची ऐकण्याची सवय एका पेटीत मावलेली होती. कॅसेट आल्यावर ती पेटी माळ्यावर गेली आणि माळा पडला तेव्हा भंगारात.

शिरूर-दौंड पट्ट्यात शोध घ्यायचा तर पहिला पत्ता जुन्या मांडव-स्पीकरवाल्यांचा. दुसरा रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांचा, कारण बिघडलेल्या रेडिओग्रामबरोबर रेकॉर्डीही दुकानात यायच्या आणि मालक पुन्हा न्यायला यायचेच असं नाही. तिसरा पत्ता तमाशाशी नातं असलेल्या घरांचा. शेजारच्या जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी, यात्रांच्या हंगामात फडांच्या सुपाऱ्या तिथल्या राहुट्यांमध्ये ठरतात. दौंड तालुक्यातलं चौफुला संगीतबारीच्या कलाकेंद्रांसाठी महाराष्ट्रभर ठाऊक आहे. आणि दौंड हे जुनं रेल्वे जंक्शन. रेल्वे वसाहतीतली गोवेकर, अँग्लो-इंडियन आणि दक्षिणी कुटुंबं काय ऐकत होती, हा वेगळाच धागा आहे आणि तो कुणी हाती घ्यायला हवा.

ओळखायची कशी

नवख्याचा डोळा लेबलावरच्या नावावर जातो, जाणत्याचा आकड्यांवर. प्रत्येक तबकडीवर दोन क्रमांक असतात. लेबलावर छापलेला विक्रीचा क्रमांक आणि गाणं संपल्यानंतरच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेला साच्याचा क्रमांक. विक्रीचा क्रमांक बदलू शकतो. एकच मुद्रण काही वर्षांनी दुसऱ्या मालिकेत किंवा स्वस्त छापेखाली निघतं. साच्याचा क्रमांक मात्र मुद्रणाच्या वेळचा असतो आणि त्यावरून काळ लावता येतो. एलपीच्या जमान्यात एचएमव्हीच्या ‘ईसीएलपी’ आणि ‘ईसीएसडी’ या अक्षरांवरून अनुक्रमे मोनो आणि स्टिरिओ कळतं.

दुसरी गोष्ट वेगाची. ‘७८’ हा आकडा फार उशिरा पक्का झाला. सुरुवातीच्या तबकड्या मिनिटाला सत्तरपासून ऐंशीच्या आसपास कुठल्याही वेगाने मुद्रित झालेल्या असू शकतात. त्यांतल्या ७८ पेक्षा हळू मुद्रित झालेल्या आज सरसकट ७८ वर फिरवल्या तर गायकाची पट्टी अर्धा-पाऊण स्वर वर जाऊ शकते, तान खोटी चपळ वाटते आणि आवाज मुळापेक्षा बारीक होतो. जुन्या गवयांच्या ‘उंच पट्टी’बद्दलच्या गप्पांतला काही भाग चुकीच्या वेगातून आलेला असणार. हार्मोनियमची पट्टी, कलावंताची नंतरची मुद्रणं आणि सहज कान यांच्या साहाय्याने वेग लावणं हे संग्राहकाचं काम आहे, यंत्राचं नव्हे.

तिसरी गोष्ट काळजीची. ७८ ची तबकडी लाखेची असते, त्यात पाटीच्या दगडाची पूड मिसळलेली. तिला स्पिरिट लावलं तर लाखच विरघळते. प्लास्टिकच्या एलपीला चालणारा द्रव तिला चालत नाही. पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं आणि लेबल कोरडं ठेवणं एवढंच पुरे. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचल्या की खालच्या वाकतात किंवा तडकतात. ७८ ची खाच रुंद असल्यामुळे तिला रुंद टोकाची सुई लागते. एलपीची सुई घातली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते.

संग्राहकांनी काय कमावलं

या क्षेत्रात मराठी माणसांचं काम अभिमान वाटावा असं आहे आणि ते बहुतेक विद्यापीठांच्या बाहेर झालं. १९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले सुरेश चांदवणकर हे तिचे प्रमुख कार्यकर्ते. संस्थेने श्रवणसत्रं भरवली, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवलं, आणि मुंबईबाहेर सोलापूर, नांदेड, तुळजापूर अशा गावांतल्या संग्राहकांना एकमेकांशी जोडलं. ‘यंग इंडिया’च्या तबकड्यांचं डिजिटल रूपांतर करण्याचा चांदवणकरांचा प्रकल्प ब्रिटिश लायब्ररीच्या ‘धोक्यातील दफ्तरं’ वाचवणाऱ्या कार्यक्रमात झाला. वेगवेगळ्या संग्राहकांकडच्या प्रती गोळा करून एका बुडालेल्या मुंबईकर कंपनीचं दफ्तर त्यांनी जवळजवळ पुन्हा उभं केलं.

सूचीच्या बाबतीत ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. १८९९ ते १९०८ या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची त्यांची सूची १९९४ मध्ये मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. त्यामुळे त्या काळातली तबकडी हातात आली की ती कधी, कुणी, कोणत्या दौऱ्यात टिपली हे पाहता येतं. संस्थांपैकी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा, मुंबईच्या एनसीपीएचा आणि गुरुग्रामच्या संगीत-अभिलेखागाराचा उल्लेख करायला हवा. पुणे आकाशवाणी १९५३ मध्ये सुरू झाली. तिच्यासारख्या केंद्रांच्या रेकॉर्ड-खोल्यांतही बरंच जमा झालं.

पण या सगळ्या कामाचा भर बघितला तर तो रागदारी, नाट्यसंगीत, भावगीत आणि चित्रपट यांवर आहे. त्याला दोष देण्याचं कारण नाही. छंद आवडीने चालतो आणि ज्यांनी छंद केला त्यांची आवड ती होती. त्याचा परिणाम मात्र असा की ज्या गाण्यांना श्रोता शहरात नव्हता, त्यांच्या तबकड्यांना संग्राहकही मिळाला नाही.

राहून गेलेला भाग

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. १९२०-३० च्या दशकांत विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीने फोनोची कपाटं खपावीत म्हणून ‘पॅरामाउंट’ नावाने रेकॉर्डी काढल्या. दक्षिणेतल्या गरीब काळ्या गायकांचे ब्लूज त्यांवर स्वस्तात टिपले. मंदीत हा रेकॉर्डींचा धंदा बुडाला. पन्नास-साठच्या दशकांत काही तरुण संग्राहक मिसिसिपीच्या खेड्यांत दारोदार फिरले, व्हरांड्यांत बसले, रेकॉर्डी विकत घेतल्या आणि त्याबरोबर गायक कोण, कुठला, कुणाचा, हेही लिहून घेतलं. आज ब्लूजचा इतिहास बराचसा त्या वह्यांवर उभा आहे. २०१३ मध्ये टॉमी जॉन्सनची एक पॅरामाउंट रेकॉर्ड ३७ हजार डॉलरहून जास्त किमतीला गेली. त्या किमतीच्या बातम्या झाल्या, पण दारोदार फिरून भरलेल्या वह्यांशिवाय ती किंमत आलीच नसती.

आपल्याकडे तमाशाचे वग, संगीतबारीची लावणी, पोवाडे, भारूड, गोंधळ, भीमगीतं यांच्या तबकड्या निघाल्या. त्यांची एकत्र सूची नाही. लावणीचंच बघा. ‘सवाल माझा ऐका’सारख्या चित्रपटांतून आलेली, वाद्यमेळात घोळवलेली लावणी एलपी, कॅसेट, सीडी अशा सगळ्या रूपांत मिळते. फडावरची किंवा बैठकीची लावणी, तीन मिनिटांत बसवण्यासाठी कापलेली का होईना, जिने थेट कर्ण्यात किंवा माइकसमोर गायली, तिची तबकडी शोधावी लागते. ती सापडली तरी लेबलावर फक्त नाव, पुष्कळदा गावाचं नाव लावलेलं, आणि ‘तमाशा’ हा शब्द. साथीला ढोलकीवर कोण, झीलकरी कोण, गाणं कुणाचं, काही नाही.

इनामगावात बसून या प्रश्नाचा विचार केला की डेक्कन कॉलेजची खोदाई आठवल्याशिवाय राहत नाही. १९६८ पासून १९८३ पर्यंत सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी इथे घोडेच्या काठी ताम्रपाषाणयुगीन वस्ती खोदली. इथली एक शिरोहीन मातीची देवी प्रसिद्ध आहे. ती मातीच्या पेटीसोबत, बैलाच्या प्रतिमेसह, जमिनीखाली पुरलेली मिळाली. ती कुठल्या घरात, किती खोल, कशाशेजारी होती, याची नोंद झाली म्हणूनच ती त्या माणसांच्या श्रद्धेबद्दल काही सांगू शकते. पाच खोल्यांचं घर वस्तीच्या प्रमुखाचं असावं, हा तर्कही घराची जागा आणि शेजार पाहूनच बांधता आला. तीच मूर्ती कुणी गुपचूप उकरून बाजारात विकली असती, तर उरलं असतं एक मातीचं खेळणं. तबकडीचं अगदी तसंच आहे. चोरबाजारात मिळालेली तमाशाची रेकॉर्ड ऐकता येते. शिरूर तालुक्यातल्या अमुक स्पीकरवाल्याच्या पेटीत, अमुक तीस रेकॉर्डींबरोबर, कोपऱ्यावर त्याने लिहिलेल्या क्रमांकासह मिळालेली तीच रेकॉर्ड एका प्रदेशाचा कान दाखवते. कागदी पाकिटावरचा विक्रेत्याचा पत्ता, लेबलावर शाईने लिहिलेलं मालकाचं नाव, कुठलं गाणं जास्त झिजलं आहे, हा सगळा पुरावा आहे. व्यापारी रेकॉर्ड स्वच्छ करतो, फाटकं पाकीट फेकतो, भाषेप्रमाणे आणि भावाप्रमाणे वेगळी करतो, तेव्हा हा पुरावा पुसला जातो. संग्राहकही बहुधा हेच करतो, फक्त जास्त प्रेमाने.

हक्क आणि डिजिटल रूप

‘आता सगळं इंटरनेटवर आहे’ हे उत्तर दोन कारणांनी अपुरं आहे. पहिलं, तिथे टाकलेल्या जुन्या गाण्यांसोबत साच्याचा क्रमांक, वेग, प्रत कुठली याची माहिती क्वचितच असते. आवाज गाळून इतका गुळगुळीत केलेला असतो की तंबोऱ्याची झणकारही खरखरीबरोबर जाते. दुसरं कारण कायद्याचं. १९५७ च्या भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं राहतो. त्यामुळे ७८ फेऱ्यांच्या जमान्यातली बहुतेक मुद्रणं त्या हक्कातून मोकळी झाली आहेत. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात आणि ते कर्त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतात. गीतरामायणाचे कवी गदिमा १९७७ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. पारंपरिक ओव्या, भारुडं, जुने पोवाडे यांच्या बाबतीत ही अडचण बहुधा येत नाही. म्हणजे सर्वांत दुर्लक्षित साहित्यच जाहीरपणे मांडायला सर्वांत मोकळं आहे.

पुढे काय

एलपीची लाट पुन्हा आली आहे. शहरात नवे टर्नटेबल विकले जातात, जुनी गाणी नव्याने तबकडीवर निघतात, आणि तरुण मुलं जुन्या बाजारात दिसतात. हे चांगलं आहे, पण या लाटेचा एक तोटा ठरलेला आहे. किंमत वाढली की व्यापारी गावोगाव फिरतो, पेट्या फुटतात, विकण्याजोगं पुण्या-मुंबईला जातं आणि उरलेलं जागेवरच फेकलं जातं. उरलेलं म्हणजे नेमकं तेच, ज्याची दुसरी प्रत कुठे नाही.

म्हणून व्यापाऱ्याच्या आधी नोंद पोहोचायला हवी. त्यासाठी फार पैसा लागत नाही. शिरूर किंवा दौंडच्या एखाद्या महाविद्यालयाने मराठी, इतिहास किंवा संगीताच्या विद्यार्थ्यांकडून तालुक्यातल्या जुन्या स्पीकरवाल्यांची, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची आणि तमाशा कलावंतांच्या घरांची पाहणी करून घ्यावी. रेकॉर्डी ताब्यात घेण्याची गरज नाही. दोन्ही बाजूंच्या लेबलांचा फोटो, साच्याचा क्रमांक, पाकिटावरचा शिक्का, पेटीतल्या सगळ्या रेकॉर्डींची आहे त्या क्रमाने यादी आणि मालकाशी दहा मिनिटांचं बोलणं: कोणती रेकॉर्ड कोणत्या प्रसंगी लागायची, कोणती पुन्हा पुन्हा मागितली जायची, कोणती लावू नका म्हणून गाव सांगायचं. साठ-सत्तरच्या दशकांत विशीत असलेले स्पीकरवाले आज सत्तरी-ऐंशीत आहेत, त्यामुळे यातली शेवटची गोष्ट सर्वांत आधी करायला हवी. मग ज्या प्रती एकमेव ठरतील त्या शास्त्रशुद्ध रीतीने डिजिटल करता येतील, आणि मूळ तबकडी मालकाकडेच राहील.

संग्राहकांनीही एक सवय बदलावी. गठ्ठा घेतला तर तो गठ्ठा म्हणूनच आधी लिहून ठेवावा, मग वाटल्यास फोडावा. फाटकं पाकीट फेकू नये. विकणाऱ्याला भावासोबत ‘हे कुठून आलं?’ हेही विचारावं आणि मिळालेलं उत्तर तारखेसह लिहावं. आपल्या संग्राहकांनी गायकांच्या सूच्या उत्तम केल्या. ऐकणाऱ्यांची सूची अजून सुरूही झालेली नाही, आणि ती करायला दुर्मीळ तबकडीच सापडायला हवी असं नाही. माळ्यावरची साधी, झिजलेली, कुणालाही नको असलेली पेटीही त्यासाठी पुरते.